‘एकहाती’चा बारावा अंक

४ जून

धाकट्या,

आशीर्वाद. पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे आणि पाकिटावर ‘खासगी’ असं दोनदा लिहिलंय. फोनची सोय नाही. तुझ्या भाऊजींचे कान हल्ली इतके तिखट झालेत की मी मोरीत पुटपुटले तरी पुढच्या खोलीतून विचारतात, “कोणाशी बोलतेस?”

कामाचं लिहिते. तुझी ‘एकहाती’ मालिका सुरू होऊन वर्ष होत आलं. महिन्याला एक अंक, एका अंकात एकच चित्रकार, चौसष्ट पानं, गोष्ट त्याची, चित्रं त्याची, दुसऱ्याचं बोट लागायचं नाही. अकरा अंक झाले. अकराही आमच्या टेबलावर आहेत. नवा आला की हे मला वरचं नाव वाचायला लावतात. मी वाचते. हे “बरं” म्हणतात आणि चष्मा पुसत बसतात. गेल्या महिन्यात त्यांच्या शिष्याचा निघाला, त्या टोपीवाल्याचा, ज्याला ब्रश कसा धुवायचा तेही यांनी शिकवलं. त्या दिवशी ताट तसंच परत आलं. म्हणाले, “मेहुण्याला वाटत असेल मी मेलो.”

साप्ताहिक बंद पडलं तेव्हा किल्लीदाराचं शेवटचं पान छापून आलं, त्याला दीड वर्ष झालं. तीस वर्षं ज्या माणसाचा नायक दर आठवड्याला कुलपं उघडून चोर पकडत होता, तो माणूस आता खिडकीत बसून खालून कोण गेलं ते पावलांवरून ओळखतो. एवढंच त्यांचं काम उरलंय.

तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. बारावा अंक त्यांना दे. आणि मी मागितला हे त्यांना कळू देऊ नकोस. मला लिहायचं ते खालच्या शिवणकामवालीच्या पत्त्यावर लिही. ती वाचत नाही, नुसतं हुंगते.

ताई

११ जून

ताई,

नमस्कार. ‘खासगी’ दोनदा लिहिलंस म्हणून तुझं पाकीट दुकानातल्या प्रत्येकाने हातात घेऊन उजेडाला धरलं. एकदाच लिहिलं असतंस तर कोणी ढुंकून बघितलं नसतं.

भाऊजींना मी विसरेन कसा? मी इथे आहे तो त्यांच्यामुळे. एकोणीस वर्षांचा होतो, माझी बारा चित्रं घेऊन तुमच्याकडे आलो होतो. बैठकीत साप्ताहिकाचे संपादक होते, आणखी दोघे चित्रकार होते. भाऊजींनी लाल पेन्सिल घेतली आणि एकेका चित्रावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक रेघ ओढली. बाराव्यानंतर म्हणाले, “हात भक्कम आहेत. गठ्ठे उचल.” दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. पहिल्या गठ्ठ्याला वेष्टन कमी पडलं, तेव्हा तीच बारा चित्रं गुंडाळली. कागद जाड होता, कामाला आला. गठ्ठे उचलता उचलता दुकान झालं, दुकानातून प्रकाशन झालं. तेव्हा राग कसला, उपकारच म्हणायचे.

चित्रातलं मला कळतं असं मी अजूनही म्हणत नाही. मी कानांवर धंदा करतो. गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहतो. पान उलटताना त्याच्या नाकातून हसू सुटलं की माल चांगला.

अंक दिला. त्यांची पानं तयार होईपर्यंत मालिका थांबवून ठेवतो. भाऊजींना वेगळं पत्र टाकतो, माझ्या मनाने सुचल्यासारखं. फक्त मालिकेच्या दोन रिती त्यांनाही पाळाव्या लागतील. शेवटची आठ पानं कच्च्या चित्रांची असतात, पेन्सिलीत जशी काढली तशी, म्हणजे वाचकाला खरा हात दिसतो. आणि दुसरी रीत काचेची. अंक निघतो त्या सकाळी चित्रकार दुकानापुढे उभा राहतो, आधीच्याचं चित्र ओल्या फडक्याने पुसतो आणि दर्शनी काचेवर ब्रशने आपला नायक काढतो. मागे फुटपाथवर लोक उभे असतात. काचेवर पेन्सिल नाही, खोडरबर नाही. पुढचा अंक निघेपर्यंत ते चित्र तसंच राहतं.

भाऊजींना काय कठीण आहे त्यात.

धाकट्या

२० जून

मेहुण्यास,

हस्ताक्षर हिचे, शब्द माझे. माझा हात रेघेसाठी आहे, तो पत्रे लिहून झिजवणे मला पसंत नाही.

तुझे निमंत्रण पोहोचले. बारावा म्हणजे अकरा जणांनंतर. असो, उमगले हे महत्त्वाचे. नवी गोष्ट करीन, छप्पन्न पानांची, किल्लीदाराची शेवटची. फुग्यांतली अक्षरे मी सांगेन तशी ही लिहील आणि कोट, सावल्या, रात्रीचे आकाश असे जे काळे असते ते भरील. छत्तीस वर्षे हीच भरते आहे. काळे भरायला अक्कल लागत नाही, चिकाटी लागते, ती हिच्याकडे आहे. त्याला तुझा नियम आडवा येत नसावा. बाकी एकही रेघ दुसऱ्याची असणार नाही.

काचेचे आनंदाने करीन. किल्लीदाराचा कोट कॉलरपासून टाचेपर्यंत एकाच फटकाऱ्यात उतरतो, ब्रश न उचलता. तुझ्या टोपीवाल्याला तोच कोट सात तुकड्यांत शिवावा लागतो, हे मी त्याला शिकवत असताना पाहिले आहे.

गठ्ठे अजून स्वतः उचलतोस की माणसे ठेवलीस?

तुझा भाऊजी

(धाकट्या, वरचं जसं सांगितलं तसं लिहिलंय, अक्कल वगैरेसकट. आज पोटभर जेवले, आणि ब्रश स्वतः धुतले. तू जे केलंस ते मी विसरणार नाही. — ताई)

२ सप्टेंबर

ताई,

पार्सल पोहोचलं. छप्पन्न पानं मोजून घेतली. मला कळत नाही म्हणालो होतो, पण एवढं कळतं की हे अकरांच्या वर जाणार. कोट बघितला, एका फटकाऱ्यात. अडुसष्टाव्या वर्षी हा हात म्हणजे कमाल आहे.

आमच्या छापखान्यातल्या म्हाताऱ्या यंत्रवाल्याला वाचायला दिली आणि मागे उभा राहिलो. गेल्या दहा वर्षांत तो पगाराच्या दिवशीही हसलेला नाही. अकराव्या पानावर त्याच्या नाकातून सुटलं. तिथे किल्लीदार तिजोरीपुढे गुडघे टेकून बसलाय आणि खालच्या कोपऱ्यात एक काळं मांजर पाठ फिरवून बसलंय. गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही. पण ते ज्या तुसडेपणाने बसलंय, त्यातच सगळी मजा आहे.

आता कच्ची पानं पाठव. आठ लागतात. त्यांत अकरावं असू दे.

धाकट्या

१६ सप्टेंबर

धाकट्या,

कच्ची आठ पाठवते आहे. अकरावं आहे. शोधायला वेळ लागला, यांची कागद ठेवायची पद्धत तुला माहीत आहे.

एक मागणं आहे. काचेचं एवढं राहू दे. तासभर उभं राहायचं म्हणजे गुडघा धरतो, आणि सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. ते स्वतःहून नाही म्हणायचे नाहीत, उलट सारखे त्याच्याच गोष्टी करतात. हवेत बोट फिरवून कोट काढतात. तूच कळव की काच बदलायला दिली आहे, किंवा फुटपाथ खोदलाय. तुला थापा मारायला मी शिकवायला नको.

ताई

२५ सप्टेंबर

ताई,

थापांचं म्हणशील तर या वेळी तू माझ्या पुढे गेलीस.

कच्चं अकरावं पान पक्क्या अकराव्याशेजारी ठेवलं. दोन्हीकडे मांजर आहे, त्याच जागी, तेवढंच. मी आपला खूश. मग पक्कं पान सहज उलटं केलं. मांजराच्या मागे कागदातून शाई पार उतरली आहे, बोटाला कडक लागते. रेघ अशी उतरत नाही. सांडलेला थेंब उतरतो. म्हणजे शाईचा थेंब पडला, आणि पान फुकट जाऊ नये म्हणून कोणीतरी त्याला कान आणि शेपटी काढून मांजर केलं. झकास केलं. पण मग शाईच्या आधी काढलेल्या पेन्सिलीत हे मांजर आलं कुठून?

मग बाकीची सात बघितली. एकावरही खोडल्याची खूण नाही. भाऊजींसारखा माणूस, ज्याच्या टेबलाखालून खोडरबराचा भुगा केरसुणीने काढावा लागायचा. ही पेन्सिल शाईनंतरची आहे, ताई. पक्क्यावरून कच्चं केलंय. आणि भाऊजींना स्वतःच्याच पानांचं कच्चं नव्याने करायची गरज नाही. ज्याने पक्की केली त्याच्याकडे दाखवायला कच्चं नव्हतं, म्हणून त्याने बनवलं.

तुमच्या घरात माणसं दोन.

मी रागावलेलो नाही. उलट सांगतो, बारावा अंक तुझ्या नावाने काढू. बायकांनी काढलेला एकही अंक अजून झाला नाही. काच तू रंगव. लिही लवकर.

धाकट्या

३ ऑक्टोबर

धाकट्या,

आता लपवून उपयोग नाही. सांगते, म्हणजे तुला दया येईल.

चार वर्षांपूर्वी एका पानावर यांनी किल्लीदाराची किल्ली त्याच्या हातापासून चार बोटं लांब काढली, हवेत. मला वाटलं गंमत आहे. पुढच्या पानावर दोन्ही डोळे कपाळावर. तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांचं मधलं जात चाललंय, कडेचं राहतं. चालता येतं, ताट दिसतं, पण जिकडे रोखून बघावं तेच नेमकं दिसत नाही. इलाज नाही म्हणाले. घरी आल्यावर यांनी सांगितलं, “हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही.” निघाला नाही.

दुपारी ते झोपतात. मी त्यांचं पान खिडकीच्या काचेला लावायचे, वर कोरा कागद, आणि उजेडावर गिरवत किल्ली हातात द्यायचे, डोळे जागेवर आणायचे. सुरुवातीला तेवढंच होतं. मग सुधारण्यासारखं काही राहिनासं झालं. आता ते काढतात, काढताना गोष्ट सांगतात, मी ऐकते आणि दुपारी कोऱ्या कागदावर काढते. त्यांची पानं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, चादरींच्या खाली. तुला हवी होती ती खरी कच्ची पानं तीच. ती मी कशी पाठवणार?

छापून आलं की भिंग घेऊन कडेच्या नजरेने बोटभर बोटभर बघतात आणि म्हणतात, “बघ, हात शाबूत आहे.” मी म्हणते, आहे. तो कोट एका फटकाऱ्यात यायला मला दीड वर्ष लागलं. रद्दी कागदांवर किती कोट काढले असतील देव जाणे. आला त्या दिवशी कोणाला सांगू असं झालं होतं. यांनाच सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते तूच समज.

नाव मला नको. नाव त्यांचंच राहू दे. मला एवढंच हवंय की त्यांना कळू नये. काचेपुढे त्यांना उभं केलंस तर काय होईल ते तुला आता माहीत आहे. मी तुला वाढवलंय. जास्त लिहीत नाही.

ताई

९ ऑक्टोबर

ताई,

नाव नको, ठीक. वर त्यांचंच छापतो. भाऊजींना मी एका शब्दाने सांगणार नाही, हा शब्द.

पण काच होणार. जाहिरात गेली आहे, भाऊजींना मी तारीखही कळवली आहे. त्यांचं उत्तर आलं, अर्थात तुझ्या अक्षरात. ‘येतो’ हा शब्दही तूच लिहिलास. अंकावर त्यांचं नाव हवं तर त्यांचा हात लोकांनी बघायला नको? मालिकेचं नाव तुला पाठ आहे.

आणि आता लिहायला बसलोच आहे तर एक सांगून टाकतो. त्या दिवसाचं मी सगळ्यांना हसत हसत सांगतो, तुलाही जूनमध्ये तसंच लिहिलं. एक गोष्ट मात्र नेहमी गाळतो. सहाव्या चित्रावर रेघ पडली तेव्हा दारातून कोणीतरी हसलं. मी वळून बघितलं. तू चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. माझे कान चांगले आहेत असं लोक म्हणतात ना, ते त्या दिवसापासून झालेत.

एक तारखेला पहाटे गाडी पाठवतो. भाऊजींना कळवलंय की सोबत कोणी नको, चित्रकार एकटा बरा दिसतो. त्यांना ते फार पटलं.

धाकट्या

१३ ऑक्टोबर

धाकट्या,

हसले होते. खरं आहे. ट्रे हातात, सगळे बसलेले, तुझं तोंड लाल झालेलं, मला काय करावं सुचेना आणि हसू फुटलं. एकतीस वर्षांत मला वाटलं तू ते ऐकलं नसशील. माझं चुकलं.

तू इथे ये. लाल पेन्सिल घेऊन ये. माझी छप्पन्न पानं समोर ठेवते, प्रत्येकावर रेघ ओढ. वाटलं तर फाड. शिवणकामवालीला, तिच्या गिऱ्हाइकांना, सगळ्यांना बोलावते, त्यांच्यासमोर मला काय बोलायचं ते बोल. मी हूं की चूं करणार नाही.

फक्त त्यांना रस्त्यावर नको. दिसत नसलं तरी त्यांना ऐकू येतं रे. फार ऐकू येतं.

ताई

४ नोव्हेंबर

ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरच्याच पत्त्यावर, तुमच्या नावाने पाठवतो आहे. ताई वाचून दाखवेल. तिने अडखळू नये म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

परवाच्या काचेबद्दल तुम्हाला नीट सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून मी सांगतो. फुटपाथवर दीडशे माणूस होतं. शेजारी मी अंकाचं मुखपृष्ठ टांगलं होतं, लोकांना ताडून बघता यावं म्हणून. तुम्ही फडक्याने आधीचं चित्र पुसलंत, पण त्याच्या नायकाची टोपी तेवढी वर राहिली, अर्धी. मग तुम्ही कोटाचा फटकारा मारलात. कॉलरपासून सुरुवात छान झाली. मग तो काच संपली तरी थांबला नाही. चौकटीवरून भिंतीवर गेला आणि टपालाच्या पेटीवर जाऊन टेकला. डोळे तुम्ही हनुवटीवर दिलेत. किल्ली दुकान उघडण्या-मिटण्याच्या वेळांच्या पाटीखाली लोंबते आहे, हातापासून दोन हात लांब.

पहिली एक बाई हसली. मग सगळे. मी तुमच्या अगदी मागे होतो. ते नाकातलं नव्हतं, पोटातलं होतं.

तिथे मी थांबलो असतो, भाऊजी. पण तुम्ही वळलात, लोकांना वाकून नमस्कार केलात, आणि मला म्हणालात, “पाहिलंस मेहुण्या, हात शाबूत आहे.” आणि गाडीत बसून खुशीत गेलात. तेवढं मात्र मला सोसेना.

ताईला मी शब्द दिला होता की सांगणार नाही. सांगत नाही, लिहितोय. चार वर्षं तुमच्या नावावर जे छापलं जातंय त्यात तुमची एकही रेघ नाही. तो हात ताईचा आहे. पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे, तिच्यात चादरींखाली तुमची खरी पानं आहेत. हात लावून मोजा, दिसायची गरज नाही.

काच मी महिनाभर तशीच ठेवतो आहे. लोक लांबून बघायला येतात.

तुमचे हात अजून भक्कम आहेत. कधी वाटलं तर या, गठ्ठे पुष्कळ असतात.

आपला मेहुणा

११ नोव्हेंबर

मेहुण्यास,

हस्ताक्षर हिचे, शब्द माझे.

तुझे पत्र हिने वाचून दाखवले. संपल्यावर मी पुन्हा वाचायला लावले. हिचा आवाज दुसऱ्या वेळी जरा बसला होता, सर्दी आहे म्हणाली.

काचेवरचा कोट पाहून तुझा तो यंत्रवाला फुटपाथवर टोपी काढून उभा राहिला, हे ऐकून बरे वाटले. यंत्रावर उभे राहून उभे राहून त्या माणसांना रेघ कळते. लोक हसले ते मी ऐकले. परतताना गाडीत थोडा वेळ मनात आले की हे हसणे जरा वेगळे होते. मग तुझे पत्र आले. तू लिहितोस की किल्लीदार दीड वर्षाने पुन्हा समोर उभा राहिला म्हणून त्यांना हसू आवरेना. तसेच असणार. या हसण्यावरच आम्ही संसार केला.

पण पत्रातले खरे वाक्य पुढे आहे. तू लिहिले आहेस, ‘त्या बारा रेघा माझ्या मनातून गेल्या, भाऊजी, आता तुम्हीही त्या मनात ठेवू नका.’ हे ऐकले आणि मी उठून खिडकीपाशी गेलो. तू ते इतकी वर्षे धरून होतास हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी ठाऊक नसल्यासारखे करत होतो.

तू मोठेपणा दाखवलास, तर मीही खरे बोलतो. ती चित्रे वाईट नव्हती. तिसऱ्या चित्राशी संपादक खुर्चीतून पुढे झुकले, ते मी पाहिले. माझे डोळे तेव्हा चांगले होते. सहावे चित्र तुला आठवते? जिना उतरणारी म्हातारी, एक पाय खालच्या पायरीवर टेकायच्या आधीचा. पाय टेकलेला नाही आणि तरी तिचे सगळे वजन त्यावर गेले आहे. तो पाय मला आजतागायत काढता आलेला नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे. पाच वर्षांत तू माझ्या पुढे गेला असतास, आणि ते साप्ताहिक एकच होते. म्हणून लाल पेन्सिल घेतली. गठ्ठ्यांचे बोललो ते तू परत येऊ नयेस म्हणून.

हे कोणाला सांगेन असे वाटले नव्हते. तुझ्या पत्राने सांगवले.

तुझा भाऊजी

धाकट्या,

खालचं माझं.

तुझं पाकीट त्यांच्यासमोर फोडलं आणि उभ्याने वाचलं. अक्षर खरंच मोठं होतं, अडखळले नाही. ‘ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार’ एवढं तुझं वाचलं. पुढचं सगळं माझं. छत्तीस वर्षं त्यांनी सांगितलेलं लिहीत आले आणि चार वर्षं त्यांची चित्रं काढते आहे. मग एक पत्र वाचणं काय अवघड. दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा आधी काय बोलले ते आठवून बोलावं लागलं, एवढंच. तुझा कागद चुलीत गेला. पेटी मी शिवणकामवालीकडे ठेवली आहे. आता ते पलंगाखाली हात घालून बघोत. ते खूश आहेत. सकाळपासून हवेत कोट काढताहेत.

आता त्यांच्या पत्राचं. ते वाचून तू काय करशील ते मला माहीत आहे. आधी खुर्चीत बसशील. मग मनात येईल की हे म्हाताऱ्याने खरंच सांगितलं, की हेही ताईनेच लिहिलं? अक्षर बघशील, ते माझंच असणार. त्यांना विचारायचं तर तुझं खरं पत्र काय होतं ते आधी सांगावं लागेल, आणि मग ते तुझ्याशी बोलणारच नाहीत. आणि जिना उतरणारी म्हातारी म्हणशील, तर ती मीही बघितली होती. मी दारातच होते. सहाव्याशीच हसले, तूच लिहिलंस.

मी सांगणार नाही. एकतीस वर्षं तू निदान एवढं तरी मनाशी म्हणत आलास की आपल्याला चित्रातलं कळत नाही, आपला हात गठ्ठ्यांचाच. आता तेही म्हणता यायचं नाही.

ती बारा चित्रं तू ठेवली असतीस तर सहावं काढून, उजेडात धरून, तो पाय बघता आला असता. ती तू पहिल्या गठ्ठ्याला गुंडाळलीस, त्यामुळे ताडून बघायला काही राहिलं नाही. माझं पत्र आहे, ते वाच पाहिजे तितक्यांदा. मागे उभा राहा आणि कान लाव.

ताई